नाजूक म्हणे मी!

मी एक जुना डबा आहे. एसीचा बाहेरचा डबा. मेकॅनिक लोक मला आउटडोअर म्हणतात, शेजारीपाजारी "तो घरघर करणारा" म्हणतात, आणि एका माणसाने तर माझ्या छातीवर लाल अक्षरांत "नाजूक" असं लेबल चिकटवलं. मित्रांनो, मी ऊन सोसलं, पाऊस सोसला, कावळ्यांचे नखरे सोसले. पण ते लेबल मात्र मी सोसलं नाही. त्याचीच ही हकीकत आहे. रडगाणं ऐकायला आला असाल, तर चुकीच्या भिंतीपाशी आलात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझा पत्रा वाकवला, रंगवला, पोटात कॉम्प्रेसर बसवला, समोर पंखा आणि पाठीमागे पातळ पट्ट्यांची जाळी लावली. मग सुरू झाली परीक्षा. पाण्याचे फवारे मारले. गदागदा हलवलं. भट्टीसारख्या खोलीत दोन दिवस चालू ठेवलं. शेवटी तपासणीवर बसणाऱ्या बाईंनी माझ्या डोक्यावर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "हा राहील बाहेर." तीनच शब्द! पण आजही मला कोणी बिचारा म्हटलं, की मी तेच तीन शब्द मनात म्हणतो.

माझा एक जोडीदारही आहे. आतला. तो खोलीत भिंतीवर बसतो, पांढराशुभ्र, गुळगुळीत. येणारा-जाणारा त्यालाच म्हणतो, "वा, काय गार हवा आहे!" गार हवा म्हणे! खोलीतली सगळी उष्णता ओढून बाहेर फेकायचं काम मी करायचं आणि कौतुक ह्या साहेबांचं. असो. आमचं भांडण नाही. तांब्याच्या दोन नळ्यांनी आम्ही जन्माचे जोडलेले आहोत, भांडून जाणार कुठे?

आम्हाला एका तळमजल्यावरच्या घरी बसवलं. मागच्या छोट्याशा अंगणात, भिंतीला दोन लोखंडी ब्रॅकेट ठोकून, त्यावर मला चढवलं. आत ज्या खोलीत आतला बसला, ती शिवणाची खोली होती. खिडकीला लागून शिलाई मशीन, बाजूला कापडांची चळत, कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळे टेलरबाई म्हणत. त्यांच्या नवऱ्याला सगळे टेपभाऊ म्हणत. का, ते कळेलच.

टेलरबाईंना एक आजार होता. उकाडा वाढला की त्यांच्या हातापायांतलं बळच जायचं. नसा ऐकायच्याच नाहीत. हिवाळ्यात सुईत दोरा एका झटक्यात ओवणारी ही बाई उन्हाळ्यात पाण्याचा पेलासुद्धा धरू शकत नसे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "औषध चालू ठेवा, पण मुख्य म्हणजे खोली थंड ठेवा." म्हणून आम्ही आलो. चैन म्हणून नाही आलो, हे लक्षात ठेवा.

मला पहिली दुपार आठवते. बाहेर रस्ता तापून निघाला होता. मी जीव तोडून फिरत होतो. तासाभराने खिडकीच्या काचेपलीकडे टेलरबाईंनी सुई उचलली, दोरा ओठांत ओला केला आणि ओवला. पहिल्या फटक्यात! "अहो, बघितलंत का?" त्या ओरडल्या. टेपभाऊ धावत आले, त्यांनी बघितलं, आणि आतल्याचे आभार मानायचे सोडून थेट मागच्या अंगणात आले. स्वतःच्या रुमालाने माझा पत्रा पुसला. म्हणाले, "शाबास रे पठ्ठ्या." मित्रांनो, त्या दिवसापासून तो माणूस मला आवडतो. पुढे त्याने माझे जे हाल केले, ते ऐकतानाही हे विसरू नका.

वरच्या मजल्यावर एक नर्सबाई राहायच्या. त्यांची रात्रपाळी असे, त्यामुळे दिवसा झोपायच्या, आणि माझी त्यांची पहिल्या दिवसापासून खुन्नस. खिडकीतून डोकं काढून म्हणायच्या, "काय हो वहिनी, एसी आणलाय की गिरणी?" टेलरबाई ओशाळून हसायच्या. मी मात्र मुळीच ओशाळलो नाही. काम केलं की आवाज होतोच.

हिवाळ्यात मला सुट्टी असते. पहिले काही हिवाळे मी उघडाच उभा राहिलो आणि माझं काहीही बिघडलं नाही. गार वारा जाळीतून आरपार जायचा. बर्फ पडायचं, वितळायचं, तळाच्या भोकांतून पाणी निघून जायचं. दोन दिवस ऊन पडलं की मी खडखडीत कोरडा. आमच्यासारख्यांना थंडी वाजत नाही हो! आम्हाला भय आहे ते साचलेल्या पाण्याचं, कुजक्या पानांचं आणि डोक्यावर पडणाऱ्या जड वस्तूंचं.

आणि एका हिवाळ्यात नेमकं तेच झालं. छपराच्या कडेला बर्फाचा जाडजूड थर साठला होता. एके सकाळी तो सुटला आणि धाडकन माझ्या डोक्यावर आला. वरचा पत्रा आत गेला, पंख्याचं एक पातं तडकलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही. हिवाळ्यात माझ्याकडे बघतो कोण? पुढे उन्हाळा लवकर आला, बटण दाबलं, आणि मी खाड-खाड-खाड करून थांबलो.

नवीन पातं यायला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस टेलरबाई पलंगावर पडून होत्या. चौथ्या दिवशी त्यांना स्वतःच्या सदऱ्याचं बटणसुद्धा लावता येईना. दुसऱ्यांचे शेकडो सदरे शिवलेली बाई ती. टेपभाऊंनी एकेक बटण लावून दिलं, त्यांची थट्टाही केली, "आज मी टेलर, तुम्ही गिऱ्हाईक." त्या हसल्या. मग टेपभाऊ अंगणात आले, माझ्या चेपलेल्या डोक्यावर कपाळ टेकवलं आणि लहान मुलासारखे रडले. म्हणाले, "पुन्हा तुला काही होऊ देणार नाही. काही म्हणजे काही."

आता टेपभाऊंचा धंदा सांगतो. ते एका गोदामात सामान पॅक करायचे. काचेचे दिवे, आरसे, चिनी मातीची भांडी. बावीस वर्षांत त्यांनी पॅक केलेली एकही वस्तू वाटेत फुटली नव्हती. साहजिकच घरातही पॅकिंग चालूच. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, एसीच्या रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला प्लास्टिक. पाहुणे बसले की कुरकुर आवाज यायचा. त्यांची चिकटपट्टी एकदा लागली की सुटायची नाही, अशी त्यांची ख्याती होती, म्हणून तर टेपभाऊ हे नाव. एकदाच त्यांच्या हातून चूक घडली. घाईत त्यांनी टेलरबाईंची कापडाची मोठी कात्री घेतली आणि तिने चिकटपट्टी कापली. टेलरबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. ती कात्री त्यांना त्यांच्या गुरूबाईंनी दिली होती. तिने कापडाशिवाय कागदाचा तुकडादेखील कापायचा नाही, हा त्या घरातला पहिला नियम होता.

पुढचा हिवाळा लागला. पहिल्याच गार सकाळी टेपभाऊ गोदामातलं उरलेलं सामान घेऊन अंगणात हजर झाले. आधी फुग्याफुग्यांच्या बबल-रॅपचे तीन फेरे. मग पुठ्ठा. मग जुनी रजई. हो, रजई! त्यावर जाड प्लास्टिक आणि शेवटी चिकटपट्टी, आडवी, उभी, तिरपी, वरून, खालून. एक फट म्हणून ठेवली नाही.

टेलरबाई दारात शाल घेऊन उभ्या होत्या. "अहो, त्याला जरा हवा तरी लागू द्या."

"यंत्राला कसली हवा?"

"मेकॅनिकला विचारा तरी एकदा."

"अगं, बावीस वर्षं हेच करतोय मी. त्या मेकॅनिकने आयुष्यात एक आरसा तरी पॅक केलाय का?"

आणि ते लेबल? ते तर त्यांनी बबल-रॅपच्याही आधी खिशातून काढलं होतं. लाल अक्षरं, पेल्याचं चित्र. नाजूक! थापटून थापटून थेट माझ्या पत्र्यावर चिकटवलं. मला असा संताप आला म्हणून सांगू! ज्याला भट्टीत उभं केलं, फवाऱ्यांनी झोडपलं, त्याला हा नाजूक म्हणतो? पण बोलणार कसा? लगेच तोंडावर रजई आली. या सगळ्या बांधाबांधीत मला वीज देणारा मोठा स्विच बंद करायचा मात्र राहून गेला. खरं तर ते पहिलं काम.

इतक्यावर ते थांबले असते तरी ठीक. त्यांनी शिवणाच्या खोलीच्या खिडकीच्या फटींनाही चिकटपट्टी मारली. टेलरबाईंना दोन स्वेटर, मोजे, कानटोपी. "बाहेर जाऊ नकोस, वारा आहे." "ते उचलू नकोस, मी आहे ना." त्यांना थंडीचा त्रास कधीच नव्हता, उलट थंडीत त्या खुशीत असायच्या, हिंडाफिरायच्या. पण ते अकरा दिवस टेपभाऊंच्या मनातून जातच नव्हते. भ्यालेला माणूस दिसेल ते गुंडाळत सुटतो.

मी आत काय भोगलं ते थोडक्यात सांगतो, कारण तक्रार करणं माझ्या स्वभावात नाही. दिवसा थोडं ऊन पडलं की प्लास्टिकच्या आत घाम सुटायचा. तो सुकायला वाट नव्हती. पत्र्याला गंज चढला. कुबट वास यायला लागला. मग खालून पुठ्ठा कुरतडून एक उंदीर आत आला. ऊबदार रजई, ना वारा ना मांजर; त्याला आणखी काय हवं? पंधरा दिवसांत त्याचा संसार थाटला गेला आणि पोरांनी माझी एक तार कुरतडायला घेतली. थंडीने माझं एवढं वाटोळं कधी केलं नव्हतं.

थंडी सरत आली होती. एके दिवशी हवा अचानक फिरली. सकाळी धुकं होतं आणि दुपारपर्यंत ऊन असं तापलं की रस्त्यावर लोकांनी कोट काढून हातात घेतले. टेपभाऊ गोदामात होते. टेलरबाई एका शाळेच्या नाटकाचे अंगरखे शिवत होत्या. इस्त्री तापलेली, वाफेने खोली भरलेली, अंगात दोन स्वेटर, खिडकी चिकटपट्टीने बंद. शिवण्याच्या नादात त्यांना कळलंच नाही. कळलं तेव्हा हात गेले होते. फोन मांडीवरून घसरून खाली पडला. उठायला गेल्या तर पाय हलेनात. हाक मारली, पण त्या बंद खिडकीतून आवाज बाहेर जातो कुठला?

मी पॅक केलेला आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण रिमोट तेवढा टेबलावर, कोपराजवळ होता. त्यांनी कोपरानेच, त्या प्लास्टिकवरून, बटण दाबलं.

आतल्याने फुंकर मारायला सुरुवात केली. नुसती कोरडी फुंकर. गारवा मी दिला तर त्याच्याकडे येणार ना! आणि मी? मित्रांनो, मी कुरतडलेल्या तारेसकट उठलो. उंदराचं बिऱ्हाड पळालं. पंखा फिरला तो रजईला घासत, प्लास्टिकला थपडा मारत. धड-धड-धड-धड! असा आवाज मी जन्मात केला नव्हता. उष्णता बाहेर फेकायला जागाच नव्हती, ती माझ्याच अंगात साठू लागली. मिनिटाभरात, फार तापलं की मला आपोआप थांबवणारी माझी सुरक्षा-कळ पडली आणि मी बंद झालो. तीन मिनिटांनी जरा निवलो आणि पुन्हा उठलो. धड-धड-धड! पुन्हा बंद. नाजूक म्हणे! पुन्हा उठलो. टेपभाऊंची चिकटपट्टी, ती काही सुटेना. पण मीही हट्टाला पेटलो होतो. कोणीतरी ऐकेपर्यंत वाजत राहायचं, एवढंच मला ठाऊक होतं.

चौथ्या वेळी वरची खिडकी खाडकन उघडली. "अहो, काय चाललंय काय! माणसाने झोपायचं की नाही?"

धड-धड-धड!

जिन्यावर चपलांचा आवाज झाला. नर्सबाई विस्कटलेल्या केसांनी, हातात झाडू घेऊन अंगणात आल्या. मला बडवायलाच आल्या होत्या, मी कशाला खोटं बोलू? पण झाडू उगारता उगारता त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं. काचेपलीकडे टेलरबाई खुर्चीत वाकड्या पडल्या होत्या, चेहरा लालबुंद.

झाडू तिथेच पडला. मागचं दार नुसतं ओढलेलं होतं, ते ढकलून त्या आत शिरल्या. इस्त्री बंद केली, स्वेटर उतरवले, मानेवर आणि मनगटांवर ओली फडकी ठेवली. मग खिडकी उघडायला गेल्या. खिडकी हलेना. नखांनी ओरबाडलं, दातओठ खाऊन ओढलं. चिकटपट्टी जागची हलली नाही.

"काय लावलंय हे! सुरी कुठे आहे वहिनी?"

टेलरबाईंची जीभही जड झाली होती. त्यांनी नजरेने मशीनकडे दाखवलं. "कात्री... ती घ्या."

"ही? तुमची कापडाची?"

"घ्या हो ताई. कापा सगळं."

त्या कात्रीने आधी खिडकी सुटली आणि सगळी वाफ बाहेर पडली. मग नर्सबाईंनी माझा स्विच बंद करून माझ्यावर हल्ला केला. चर्र-चर्र करत प्लास्टिक फाटलं, पुठ्ठा गेला, रजई गेली, उंदराच्या घरट्याचा कापूस अंगणभर उडाला. कात्रीची धार गेली, टोकाला खाच पडली. मला मोकळी हवा लागली. काय सांगू त्या हवेचं सुख! मी पुन्हा चालायला तयार होतो, पण नर्सबाईंनी कुरतडलेली तार बघितली आणि मला दटावलं, "तू आता गप बस. तुझं काम झालंय." आयुष्यात त्या माझ्याशी पहिल्यांदाच नीट बोलल्या, म्हणून मी ऐकलं.

नर्सबाईंचा फोन गेल्यावर टेपभाऊ धावतपळत घरी आले तेव्हा टेलरबाई उघड्या खिडकीशी बसल्या होत्या, बोटं हळूहळू हलत होती. टेपभाऊंनी फाटलेली रजई बघितली, कात्रीची खाच बघितली आणि टेलरबाईंच्या खुर्चीशी येऊन बसले.

"मी तुला जपायला गेलो गं."

"जपलंत कुठे?" टेलरबाई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण त्यात धार होती. "त्यालाही बांधलंत आणि मलाही. थंडीत मला काही होत नाही, तरी दोन दोन स्वेटर. खिडकी बंद, बाहेर जायचं नाही, काही उचलायचं नाही. अहो, मी आरसा आहे का गोदामातला?"

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला टेपभाऊंनी स्वतः फोन केला. मेकॅनिक म्हणजे पिकल्या मिशांचा, तोंडाचा फटकळ माणूस. त्याने माझा पत्रा उघडला, गंज बघितला, तार बघितली आणि सुरू झाला. "काका, स्विच चालू ठेवून पॅक केलंत? आग लागली असती, आग!"

"बावीस वर्षांत माझी एक वस्तू फुटली नाही हो," टेपभाऊ पुटपुटले.

"तुमच्या वस्तू गाडीतून प्रवासाला जातात. हा कुठे जाणार आहे? ह्याला इथेच राहायचंय, वाऱ्यात. बाजू उघड्या ठेवा, आपोआप सुकतो. ह्याला फक्त डोक्यावर छत्री द्या."

टेपभाऊंनी ते मनावर घेतलं. तार बदलली, गंज घासून रंग दिला. मग त्यांनी माझ्यासाठी फळीचं उतरतं छप्पर केलं, माझ्या डोक्यापेक्षा चार बोटं मोठं, भिंतीला पक्कं बसवलेलं. वरून बर्फ पडलं तर घसरून पुढे पडेल आणि चारही बाजूंनी वारा खेळेल. चिकटपट्टी एक इंचही वापरली नाही. त्या उन्हाळ्यात मी एक दिवसही थांबलो नाही आणि नाटकाचे अंगरखे वेळेवर शिवून झाले.

ते लेबल मात्र निघता निघेना. ते थेट माझ्या पत्र्यावर बसलं होतं. टेपभाऊंनी गरम पाणी लावलं, तेल लावलं, नखांनी खरवडलं. त्यांचंच काम ते, कसं निघेल! शेवटी पुढच्या हिवाळ्यात टेलरबाई स्वतः बाहेर आल्या, भर थंडीत, एकाच स्वेटरमध्ये. हातात तीच खाच पडलेली कात्री. टेपभाऊ घाईने म्हणाले, "अगं, राहू दे, मी करतो, बोटाला लागेल." टेलरबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. टेपभाऊ बाजूला झाले. टेलरबाईंनी कात्रीचं पातं लेबलाखाली घातलं आणि त्या स्थिर हातांनी एका झटक्यात ते सोलून काढलं.

मित्रांनो, आता तुमच्या घराबाहेरही माझा एखादा भाऊबंद उभा असेल. थंडी पडू लागली की त्याच्याकडे जा. आधी स्विच बंद करा. तळाची पानं काढा, जाळी हलक्या पाण्याने धुऊन कोरडी होऊ द्या. डोक्यावर छत्री द्या, बाजू मोकळ्या ठेवा. अधूनमधून एक नजर टाका, तेवढं पुरे. त्याला रजई घालू नका, कीव करू नका.

ती कात्री आता कापड कापत नाही. ती माझ्या शेजारी, अंगणातल्या खिळ्याला टांगलेली असते. दर वर्षी पहिल्या गार सकाळी टेपभाऊ सवयीने चिकटपट्टीचं रीळ हातात घेऊन अंगणात येतात, घुटमळतात, कात्रीकडे बघतात. मग रीळ खिशात घालतात, माझ्या तळाची पानं झाडतात आणि खिडकी सताड उघडून आत हाक मारतात, "अगं, येतेस का बाहेर? मस्त थंडी पडली आहे."